डाव्या पायाची अढी

मुलुंड (पूर्व)
सोमवार, सकाळ

प्रिय दिशू,

पाकीट बघून आधी तू हसशील. पत्र? आणि आईचं? दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची असली तरी मी तुझ्या बाबांच्या हातात पेन देते, आणि आज चक्क रेघांचे कागद आणून बसले आहे. हस बाई, पोटभर हस. पण हसून झालं की बराकीत कुणी नसेल तेव्हा एका कोपऱ्यात बसून वाच. रविवारच्या फोनवर मला हे बोलता येत नाही. मिळतात दहा मिनिटं, त्यातली चार 'हॅलो, ऐकू येतंय का'मध्ये जातात, तुझ्या मागे मुलींची रांग आणि तुझ्या आवाजात घाई. काल मी मध्येच विचारलं, पाय कसा आहे गं? तू लगेच म्हणालीस, 'झकास!' मी याआधी तुला पायाचं कधी विचारलंच नव्हतं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, का गं, पायाला काय झालंय? तू तसं काही विचारलं नाहीस.

तुझा उजवा पाय दुखतोय, दिशू. नडगीचं हाड, घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला. तू हे कुणालाही सांगितलेलं नाहीस, आणि येत्या वीस तारखेला तोच पाय घेऊन, पाठीवर वजन भरलेली पिशवी, तो तुमचा पिठ्ठू, बांधून, बूट घालून पाच किलोमीटर पळणार आहेस. माझं चुकत असेल तर मला शंभर शिव्या घाल, मी आनंदाने खाईन. पण माझं चुकत नाहीये गं.

मला हे कळलं त्या व्हिडिओवरून. तुमच्या कॅप्टन दीप्ती मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर टाकलेला, चाळीस सेकंदांचा, तू मुलींना दोरीवरचा संच करून दाखवतेस तो. तो आला त्या संध्याकाळी घरात नुसती दिवाळी. तुझ्या बाबांनी तो गावाला देवगडला पाठवला, ऑफिसात पाठवला, सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला आणि चुकून गॅसवाल्यालाही पाठवला. शिवाय प्रत्येकाला मूळ गोष्टही ऐकवली: ट्रेनिंगच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्या अडथळ्यांच्या मैदानावर बाकीच्या मुली हातांनी लोंबकळत दोर चढत होत्या, आणि तू बूट काढून पायाच्या अंगठ्यात दोर धरून सरसर वर गेलीस, पायांत तो गुंफून अढी मारलीस आणि दोन्ही हात सोडून मजेत बसलीस. मॅडम खालून ओरडल्या, ही काय सर्कस आहे! ही गोष्ट बाबांची आतापर्यंत निम्म्या मुलुंडला सांगून झाली आहे. आणि ऐकणारा कंटाळला तरी पुढचंही सांगतातच. मॅडमनी शिक्षा न करता तुला ऑफिसात बोलावलं, दोरीचा मल्लखांब म्हणजे काय ते तासभर विचारून घेतलं, वरून परवानगी काढली आणि बारा आठवड्यांचा प्रयोग मांडला. अर्ध्या मुलींना नेहमीचं पीटी, दंड-बैठका, चिन-अप. अर्ध्यांना आठवड्यातून तीन दिवस त्याऐवजी आपली दोरी, आणि शिकवणार कोण, तर आमची दिशा. धावणं मात्र सगळ्यांनाच. शेवटी वीस तारखेला दोन्ही गटांची परीक्षा घ्यायची आणि बघायचं कुणाची ताकद जास्त, दम कुणाचा जास्त, आणि बारा आठवड्यांत जखमी कोणत्या गटात किती झाल्या.

तो व्हिडिओ मी पहिल्यांदा बघितला तेव्हा रडले. सरळ सांगते, पदर डोळ्याला लावून रडले. लष्कराच्या मैदानावर माझी दोरी! दुसऱ्यांदा बघितला तेव्हा डोळे पुसून शिक्षिका म्हणून बघितला, आणि हातातला चहा कपातच राहिला. तू दोरी डाव्या पायाच्या अंगठ्यात धरली होतीस. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तू उजव्याने चढतेस. झोपेत उठवून दोरीपाशी नेलं तरी तुझा उजवाच पाय पुढे येईल. डावी बाजू मीच तुला शिकवली, पण ती सरावापुरती, तुझ्या आवडीची कधीच नव्हती, आणि चार लोकांसमोर करून दाखवायची वेळ आली तर तू ती मरून गेलीस तरी घेणार नाहीस. इथे तू पूर्ण संच डाव्या बाजूने केलास. सुंदर केलास, त्याबद्दल शाबास. पण उतरताना डावा पाय टेकवलास आणि उजवा मागून असा हळूच ठेवलास, तव्यावर ठेवावा तसा.

मी बाबांना दाखवलं. पुढे-मागे करून, थांबवून दाखवलं. ते चष्मा लावून मोबाइल नाकाला टेकेपर्यंत जवळ नेऊन म्हणाले, 'माका तर कायच दिसणा नाय. चेडू बरा चढला, तू उगाच काय तरी शोधतंस.' त्यांना दिसणार कसं? तुझ्या मॅडमनासुद्धा दिसणार नाही. डावी काय, उजवी काय, बघणाऱ्याला मुलगी वर गेलेली दिसते. हे कळायला चौदा वर्षं दोरीखाली उभं राहावं लागतं, मान वर करून.

गेले सहा दिवस माझं कशात लक्ष नाही. दोनदा दूध उतू गेलं. शाळेत सातवीच्या मुलींना मी कवायतीला उभं केलं आणि 'एक' म्हणून तशीच थांबले, पोरी बिचाऱ्या हात वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. सकाळी पाच वाजता जाग येते आणि पहिला विचार येतो, आता तू बूट चढवत असशील. साडेपाचला वाटतं, आता पळत असशील. सहा वाजेपर्यंत मी स्वयंपाकघरात आपली उभीच्या उभी. बाबा म्हणतात, ती पळते तिकडे आणि दमतेस तू इथे. मी त्यांच्यावर खेकसले. मग सॉरी म्हटलं. मग परत खेकसले.

आणि आता एक लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगते. सहा दिवस मी गप्प का बसले? माहीत नव्हतं म्हणून नाही. आपल्या मल्लखांबाच्या वर्गाची काय वाट लागली होती ते तुला ठाऊक आहे. शाळेच्या हॉलसमोर ती नवी जिम आली, मोठमोठे टायर उलटवायचे, जाड दोर आपटायचे, लोखंडाचे गोळे फिरवायचे. आपल्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. गेल्या दिवाळीत माझ्याकडे उरल्या होत्या नऊ. मग तुझी बातमी इथल्या साप्ताहिकात छापून आली, 'मुलुंडच्या मुलीची दोरी लष्करात', आणि दोन आठवड्यांत माझ्याकडे एकतीस मुली झाल्या! हॉलमध्ये दुसरी दोरी टांगावी लागली. नीलम, आपली जुनी विद्यार्थिनी, तिला मदतीला बोलावलं. रोज कुणीतरी आई विचारते, लष्करातल्या मुलीचा वर्ग तो हाच ना? आणि मी मान डोलावते, फुगून. तुझा पाय दुखतोय हे बाहेर आलं तर काय होणार ते मला चांगलं कळत होतं. शिकवणारीच जखमी, म्हणजे दोरी वाईट. तुझ्या गटात आजवर एकही जखमी नाही आणि त्या दुसऱ्या गटात तीन झाल्यात, हे तूच मला किती आनंदाने सांगितलं होतंस. ते शून्य तू तुझ्या नडगीवर पेलून धरलं आहेस, हो ना? आणि मी इथे बसून ते पेलू देत होते.

दोरीने हे झालेलं नाही, मला माहीत आहे. तू पहाटे सगळ्यांबरोबर पळतेस, वर दुपारी मुलींना शिकवतेस, आणि मध्ये पाय वर करून बसायचं तुला मी कधी शिकवलंच नाही. मी काय शिकवलं? वर्गात कुणी 'दुखतंय' म्हटलं की सगळ्यांना वीस बैठका. त्यामुळे कुणी म्हणायचंच नाही. मला वाटायचं, केवढ्या कणखर पोरी घडवल्या मी! आणि दुसरा तो आपला नियम, दोरीवर चढलं की मी 'उतर' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. तुम्ही वरून माझ्याकडे बघत राहायचात, आणि मी खाली हाताची घडी घालून मनात आकडे मोजत उभी.

साताऱ्याच्या राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातला तो सराव आठवतो तुला? तू तेरा वर्षांची. शेवटच्या आसनात होतीस, उलटी, सगळा भार त्या उजव्या पायावर. तू माझ्याकडे बघितलंस. रोज बघायचीस तसं नाही. डोळ्यांनी विचारलंस, आई, उतरू? मी अजून दहा मोजले. मोठ्याने मोजले, सगळ्या मुलींसमोर. मग म्हटलं, उतर. तू उतरलीस, हसलीस, आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलीस. परत यायला तुला बराच वेळ लागला.

त्यानंतर साताऱ्यात तुला सुवर्णपदक मिळालं, आपण पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी तुला जिना उतरता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडाला बारीक चीर. ते म्हणाले, ही ताजी नाही, निदान तीन आठवड्यांची असणार, मुलगी इतके दिवस काही बोलली नाही? मी म्हटलं, नाही हो, आजच कळलं. तू मान खाली घातलीस. रिक्षात बसल्यावर माझा हात धरून रडत म्हणालीस, सॉरी आई, मी तुला फसवलं, मी डाव्या बाजूने सराव करत होते म्हणजे तुला कळू नये. आणि मी तुला जवळ घेतलं आणि काय म्हटलं? म्हटलं, पुन्हा असं फसवायचं नाही हं. मोठ्या मनाने माफ केलं तुला मी. सात वर्षं तू हे मनात धरून बसली आहेस, मला माहीत आहे. मागच्या वर्षी नंदूमावशीला सांगत होतीस, माझ्या आईला एकदाच फसवलं मी, त्याचं अजून वाईट वाटतं.

दिशू, तू मला फसवलं नव्हतंस. मला माहीत होतं. साताऱ्याला निघायच्या पंधरा दिवस आधी मी तुझ्या पायाला तेल लावत होते आणि त्या हाडावर माझा अंगठा पडला. तू सबंध थरथरलीस आणि म्हणालीस, गुदगुल्या होतात. नडगीला गुदगुल्या कोणाला होतात गं? तोवर मी किती पोरींचे पाय चोळले होते! मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी तू डाव्या बाजूने चढलीस, तेही बघितलं. आणि मी गप्प बसले. आपल्या वर्गातून तोवर कुणालाच राज्याचं सोनं मिळालं नव्हतं. मनाशी म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, मग घेईल विश्रांती. मी तेव्हा आई नव्हते गं. किंवा होते, पण मागे उभी होते, आणि पुढे ही शिट्टीवाली बाई होती. बाबांनाही हे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि जेवायला बसले तेव्हा माझ्या पानात पहिली पोळी त्यांनी वाढली. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. भरतीच्या मेडिकलच्या वेळी फॉर्मवर जुन्या दुखापतींचा रकाना होता. तू मला विचारलंस, आई, ते लिहू का? मी म्हटलं, वेडी आहेस का, लहानपणीचं ते, उगाच कशाला उकरायचं, 'नाही' लिही. तू लिहिलंस. माझं ऐकलंस. आता तुझ्या लक्षात येतंय ना, तू तिकडे तोंड का उघडत नाहीयेस? पाय दुखतो म्हटलं की तपासतील, तपासलं की जुनी चीर दिसेल, आणि ते 'नाही' बाहेर येईल. तू दोन्हीकडून अडकलीस, आणि अडकवलं मी.

शनिवारी मी त्याच डॉक्टरांकडे गेले. आता ते बरेच थकलेत, पण दवाखान्यात बसतात. त्यांना व्हिडिओ दाखवला, तू काय काय करतेस ते सांगितलं. ते म्हणाले, न तपासता मी काही सांगणार नाही. मी उठलेच नाही. शेवटी म्हणाले, जुन्या जागी पुन्हा चीर असेल तर सहा ते आठ आठवडे पाय टेकवायचा नाही, मुलगी तरुण आहे, भरून येईल. आणि तशीच पाठीवर वजन घेऊन पळाली तर? ते म्हणाले, तर पळता पळता तुटू शकतं, मग सळई घालावी लागेल, आणि लष्कराचं विसरा. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. नवघर रोडवरून घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

तुझ्या मनात काय येईल तेही सांगते. आता फक्त अकरा दिवस राहिले, एवढे काढले की झालं, मग घेईन विश्रांती. हेच येईल ना? हेच मी सात वर्षांपूर्वी मनाशी म्हटलं होतं. तू म्हणशील, मॅडमनी एवढा विश्वास टाकला, प्रयोग फसेल, सगळे हसतील. हसू देत. तुझ्या हाताखालच्या मुलींच्या दंडात बारा आठवड्यांत जी ताकद आली ती तुझ्या पायामुळे कमी होणार नाही. आणि झाली तर झाली! एकतीसच्या पुन्हा नऊ होऊ देत, मी नऊ जणींना शिकवीन. परवापासून वर्गात मी वीस बैठकांचा नियम बंद केला. पोरींना म्हटलं, कुणाचं काही दुखतंय का? सगळ्या एकमेकींकडे बघतायत, वाटलं बाईंचा नवीन डाव आहे. शेवटी एका चिमुरडीने भीत भीत हात वर केला, मनगट दुखतंय म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, आणि मलाच रडू आलं. नीलमला वाटलं मला बरं नाहीये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. माझ्यासमोर टेबलावर दोन पाकिटं आहेत. एक तुझं, एक कॅप्टन दीप्ती मॅडमचं. सेंटरचा नंबर मी लावून बघितला, तिथला ऑपरेटर म्हणतो जे असेल ते लेखी पाठवा, म्हणून लेखी. मॅडमना मी सगळं लिहिलंय, डावा पाय, सातारा, तेल, फॉर्मवरचं 'नाही', आणि ते लिहायला मी सांगितलं हेही. सोबत तो जुना एक्स-रे ठेवलाय. इतकी वर्षं तो मी ट्रंकेत तुझ्या पदकाच्या डब्याखाली लपवला होता. तुझं पाकीट आज टाकते. मॅडमचं उद्या टाकणार, म्हणजे ते एक दिवस उशिरा पोचेल. तेवढा एक दिवस तुझा आहे. त्या दिवशी तू स्वतःच्या पायाने जाऊन सांगितलंस तर ते तुझं सांगणं होईल, माझी चहाडी नाही. नाही गेलीस तरी दुसऱ्या दिवशी त्यांना कळेलच. तुला मागच्या बॅचला टाकतील, कदाचित घरीही पाठवतील, मला माहीत नाही. तू माझ्याशी बोलायची बंद होशील, तेही चालेल, मी वाट बघीन. फक्त एक ऐक. मी 'उतर' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, हा नियम तू आजही पाळते आहेस, मी पाचशे कोसांवर असले तरी. तेव्हा मी दहा आकडे जास्त मोजले. आज मोजत नाहीये. दिशू, उतर.

तुझीच,
दोरीखाली उभी असलेली
आई